बॉनेटला हात लावायचा नाही

आपल्याच पोरीची नवी कोरी गाडी रस्त्यात बंद पडेल आणि आपण हात मागं बांधून नुसते बघत उभे राहू, असं डोमाजीला कुणी आधी सांगितलं असतं, तर त्यानं ते हसण्यावारी नेलं असतं. एसटीच्या दिग्रस डेपोत त्यानं चौतीस वर्षं मेकॅनिकी केली होती. बस फाटकातून आत वळली की चहाचा घोट घेता घेता तो सांगायचा, "हिचा मागचा बेअरिंग गेला." आणि बेअरिंगच गेलेला असायचा.

त्याची धाकटी मोनाली दारव्ह्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती. आठ वर्षं काळीपिवळी जीपमध्ये अंग चोरून बसून गेल्यावर तिनं गाडी घेतली. पांढरी, पेट्रोलवरची. जिल्ह्याबाहेरच्या शोरूममधून ती दारात आली, त्या दिवशी त्याच्या बायकोनं, प्रभावतीनं, बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि गल्लीभर पेढे वाटले. डोमाजीनं बॉनेट उघडून आत डोकावलं. सगळं काळ्या प्लास्टिकखाली झाकलेलं. पाना कुठं लावावा, तेच कळेना. त्यानं बॉनेट हळूच बंद केलं.

पहिला लांबचा प्रवास दसऱ्याचा, नागपूरला दीक्षाभूमीचा. जाताना डोमाजीला जुने दिवस आठवत होते. तेव्हा डेपोतून जादा गाड्या सुटायच्या आणि शेवटच्या गाडीत पान्यांची पेटी मांडीवर घेऊन तो बसायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी प्रभावतीही त्याच गाडीत होती. देवळीच्या अलीकडं डिझेलचा पाइप फुटला. त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि तार गुंडाळून गाडी चालू केली, तेव्हा पन्नास माणसांनी एका आवाजात 'जय भीम' केला होता. एका म्हातारीनं त्याच्या काळ्या हातावर भाकर आणि ठेचा ठेवला. प्रभावती खिडकीतून बघत होती. नवरा काय काम करतो, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"आठवते काय तुले?" त्यानं मागं वळून विचारलं.

"आठवत नाही तं का," प्रभावती म्हणाली. "त्या पाइपाचा वास माह्या लुगड्याले महिनाभर होता."

मोनाली हसली आणि त्याच क्षणी गाडी मेली. कळंबच्या अलीकडं, चढावर. स्टिअरिंग दगडासारखं झालं, ब्रेक जड. मागून कापसाचा ट्रक हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला. मोनालीनं कशीबशी गाडी कडेला घेतली. वीस मिनिटांनी चावी फिरवली, तर गाडी काही झालंच नाही अशी चालू झाली.

शोरूमच्या वर्कशॉपमध्ये मुलानं वायर जोडून लॅपटॉप बघितला. "मॅडम, कॉम्प्युटरमध्ये फॉल्ट दिसत नाही." पुढच्या दोन महिन्यांत गाडी सहादा बंद पडली आणि तीनदा वर्कशॉपला गेली. एकदा त्यांनी पेट्रोलचा पंप बदलला. आठवड्यानं गाडी पुन्हा बंद. चौथ्या वेळी व्यवस्थापक म्हणाला, "मॅडम क्लच नीट सोडत नसतील." मोनाली घरी येऊन जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजीनं माळ्यावरून पेटी उतरवली. ते बघून मोनालीनं लगेच यवतमाळला ममताला फोन लावला. ममता म्हणजे डोमाजीच्या जुन्या कंडक्टर मित्राची, उकंडाची पोरगी. आता कोर्टात वकिली करायची. तिनं फोन डोमाजीला द्यायला सांगितलं.

"काका, बॉनेटले हात लावू नोका."

"काहून? आपलीच गाडी हाये."

"तुमी एक नट जरी फिरवला, तं ते म्हनतीन, यानंच बिघाड केला. वॉरंटी बी जाईन अन् केस बी जाईन."

मग तिनं सगळं समजावून सांगितलं. आधी शोरूम आणि कंपनी, दोघांनाही लेखी तक्रार आणि नोटीस. ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी चालतं, नव्या कायद्यानं माणूस राहतो तिथंच दावा लावता येतो. मात्र दोन वर्षांच्या आत. एखादा भाग खराब निघाला तर आयोग तो बदलून द्या म्हणेल. आख्खी गाडी किंवा किंमत परत हवी असेल, तर दोष कारखान्यातूनच आलाय आणि दुरुस्तीनं जात नाही, हे दाखवावं लागतं. "म्हनून वर्कशॉपचा एकबी कागद वाचल्याशिवाय सही करू नोका. गाडी बंद पडली असं त्यावर लिहूनच घ्या. ते 'जनरल चेकअप' लिहितात, अन् मग आपल्या हाती काही राहात नाही."

डोमाजीनं पेटी पुन्हा माळ्यावर ठेवली. हात मात्र स्वस्थ बसेनात. त्याला पुंडलिकराव आठवले. ते त्याचे पहिले उस्ताद. डेपोत गाडी आत आली की ड्रायव्हरनं वहीत तक्रार लिहायची, असा नियम होता. डोमाजी विशीत असताना एकदा म्हणाला, "लिहायले कायले वेळ घालवता, मी लगेच खोलतो." पुंडलिकरावांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि त्याला ड्रायव्हरसमोर बसवलं. गाडी कुठं बंद पडली, किती चालल्यावर, चढ होता की उतार, ऊन होतं की नाही. अर्धा तास नुसतं विचारणं. त्यानंतर त्यांनी एकच पट्टा बदलला आणि गाडी निघाली.

डोमाजीनं मोनालीच्या शाळेची एक कोरी वही घेतली. पहिल्या पानावर दसऱ्याची तारीख टाकली. वही सुरू केल्यापासून शनिवार-रविवारी तो तिच्या शेजारी बसू लागला. गाडी बंद पडली की उतरायचा, बॉनेटकडे पाठ करायचा आणि लिहायचा. किलोमीटर, जागा, चढ, किती मिनिटांनी चालू झाली. अरुणावतीच्या पुलापुढच्या चढावर एकदा भर उन्हात ते तासभर थांबले. ओळखीचा एक ड्रायव्हर एसटी थांबवून ओरडला, "मिस्त्री, तुमची गाडी अन् तुमी उभे?" डोमाजीनं नुसता हात वर केला. त्याला त्या दिवशी फार लाज वाटली.

नोटिशीला कंपनीचं उत्तर आलं, दोष चालवणाऱ्याचा. ममतानं दावा लावला. तारखांवर तारखा झाल्या. एका तारखेला शोरूमचे वकील उभे राहिले. "तक्रारदाराचे वडील मेकॅनिक आहेत. गाडीत छेडछाड घरीच झाली आहे."

डोमाजी मागच्या बाकावर बसला होता. त्याचे कान तापले. अध्यक्षांनी त्याच्याकडे बघून विचारलं, "तुम्ही गाडी उघडली होती का?"

तो उठला. "साहेब, आनली त्या दिवशी एकदा वरून पाह्यली. तिथून आजपर्यंत पाना लावला नाही. चौतीस वर्षं मी रस्त्यावर बंद गाडी सोडून गेलो नाही. माह्या पोरीची गाडी माह्यासमोर बावीस वेळा बंद पडली अन् मी बावीस वेळा नुसता उभा राह्यलो. मले कसं वाटलं असन, तुमीच पाहा." आणि त्यानं वही पुढं केली.

आयोगानं गाडीची तपासणी सरकारी तंत्रनिकेतनातल्या एका प्राध्यापकाकडे सोपवली. दोन्ही बाजूंनी हजर राहायचं. प्राध्यापकानं आधी वहीच वाचली, शेवटपर्यंत. मग म्हणाला, "तीस किलोमीटरच्या आत एकदाही नाही. आणि दर वेळी चढ. चला, तसंच चालवू." कंपनीचा इंजिनिअर कुरकुरला, पण बसला. पस्तिसाव्या किलोमीटरला, चढावर, गाडी मेली.

"तुम्हाला काय ऐकू आलं?" प्राध्यापकानं डोमाजीला विचारलं.

"पंपाचा बारीक आवाज आधी तुटला, मंग इंजिन गेलं. पंप चांगला हाये साहेब. त्याले करंट भेटून नाही राह्यला."

गाडी यवतमाळला नेऊन रॅम्पवर चढवली. पंपाकडे जाणारी वायर कारखान्यातच सायलेन्सरच्या नळीला लागून बसवली होती. चढावर नळी तापली की आतला जोड सुटायचा, थंड झाली की पुन्हा धरायचा. इंजिनिअरनं खाली वाकून बघितलं आणि बाजूला जाऊन कंपनीला फोन लावला.

कंपनी वायर बदलून द्यायला लगेच तयार झाली. ममतानं नकार दिला. इतक्या वेळा वर्कशॉपला नेऊन, पंप बदलूनही जो दोष कुणी शोधला नाही, तो आता एका वायरीवर मिटवायचा, हे तिनं मानलं नाही. आयोगानंही मानलं नाही. तशीच नवी गाडी द्या किंवा पूर्ण किंमत परत करा, आणि मनस्तापाची भरपाई वेगळी, असा निकाल आला. मोनालीनं किंमत परत घेतली. "तशी पांढरी गाडी मले आता दारात नको," ती म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात तिनं दुसरी गाडी घेतली, लाल. ती आजवर कुठं थांबलेली नाही.

निकालाची बातमी कशी पसरली कोण जाणे, पण आता दुपारच्या वेळी डोमाजीच्या ओट्यावर दोन-तीन माणसं असतातच. कुणाचा नवा ट्रॅक्टर धूर सोडतो, कुणाच्या स्कूटरची बॅटरी चार्ज होत नाही. डेपो सुटल्यापासून 'मिस्त्री' ही हाक दारावर अशी ऐकू येत नव्हती. प्रभावती चहा टाकून टाकून कंटाळते, पण साखर संपू देत नाही.

परवा घाटंजीहून एक जण नवी मालवाहू तीनचाकी घेऊन आला. आल्या आल्या म्हणाला, "मिस्त्री, खोलून पाहा ना जरा."

डोमाजीनं दुसरी खुर्ची ओढली. "बस पह्यले. कागद आनले काय सगळे?" त्यानं चष्मा लावला, एक कोरी वही उघडली. "आता सांग, पह्यल्यांदा कुठी बंद पडली?"