मागे वळून बघणारी

त्या खेळाचा नायक पहिल्यांदा जन्माला आला तेव्हा त्याची उंची सव्वासहा फूट होती, छाती दाराएवढी होती आणि अंगावर चार बंदुका होत्या. ऑफिसात सगळे त्याला पैलवान म्हणायचे. त्याला घडवलं होतं ठकीनं.

ठकी म्हणजे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या छोट्याशा कंपनीतली अ‍ॅनिमेटर, चाळिशीला टेकलेली. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी टक लावून बसायची म्हणून मावशीनं ठेवलेलं हे नाव ऑफिसात कसं पोचलं कुणास ठाऊक, पण चिकटलं ते चिकटलं. कंपनी फरशांच्या एका दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होती. संगणकाच्या पडद्यांवर ऊन पडू नये म्हणून खिडक्यांना निळा कागद लावलेला. त्यामुळे भर दुपारीही आत सगळे पाण्याखाली बसल्यासारखे दिसायचे, आणि बोलायचेही तसेच, हळू आवाजात.

खेळ भीतीचा होता. ओसाड इस्पितळ, त्यात अडकलेला नायक, अंधारातून येणाऱ्या आकृत्या आणि कसाबसा जीव वाचवून बाहेर पडायचं. पण खेळून बघायला बोलावलेली माणसं घाबरायची सोडून जांभया देत होती. एकानं तर खेळता खेळता घरी फोन लावून भाजी काय आणायची ते विचारलं. मालकांनी कपाळावर हात मारला.

अशाच एका दुपारी ठकीची मावशी तिचा विसरलेला चष्मा द्यायला ऑफिसात आली. ठकीला लहानाचं मोठं तिनंच केलेलं. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आता निवृत्त होऊन भाचीकडेच राहायची. चष्मा देऊन ती शेजारच्या खुर्चीवर टेकली, पैलवानानं सहा आकृत्या लोळवलेल्या तिनं शांतपणे पाहिल्या आणि म्हणाली, "हा घाबरतच नाही गं."

"मग?"

"मग मी कशाला घाबरू? तो समर्थ आहे की!"

मालक मागेच उभे होते. ते हसून म्हणाले, "बरं मावशी, घाबरलेला माणूस कसा चालतो ते तुम्हीच दाखवा."

त्यांनी थट्टा केली होती. पण मावशी उठली. चपला काढल्या, डावा तळहात भिंतीवर सपाट ठेवला आणि चालू लागली. गुडघे किंचित वाकलेले. पाऊल उचलायची नाही, ओढायची, जणू घोट्याभोवती पाणी आहे. ओठ पुटपुटत होते. दर काही पावलांनी थांबायची, मान वळवून मागे बघायची आणि पुन्हा पुढे. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचली. प्रोग्रामर, ज्याला सगळे गणिती म्हणायचे, त्यानं कानांवरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"हे कुठे शिकलात?" मालकांनी विचारलं. आवाज एकदम बदलला होता.

"पुरात," मावशी म्हणाली. "चौतीस वर्षं झाली. फोन जोडायचा आमचा बोर्ड तळघरात होता. दुपारची पाळी. नदी आत शिरली, दिवे गेले. भिंत धरून बाहेर आले. संपलं." मग चपला घालता घालता ठकीला म्हणाली, "चष्मा डोळ्यांना लाव, पर्समध्ये नको ठेवूस."

त्यांनी मावशीला अंगाला चिकटणारा काळा पोशाख घातला, त्यावर पांढऱ्या गोळ्या लावल्या आणि आठ कॅमेऱ्यांसमोर तिची चाल टिपून घेतली. ती चाल पैलवानाला दिली तेव्हा सगळं ऑफिस पोट धरून हसलं. एवढा थोरला गडी, आणि कानातलं हरवल्यासारखा भिंतीकडेनं चाललेला! ठकी तेवढी हसली नाही. तिला वाटलं, चाल खरी आहे, अंग खोटं आहे.

मग तिनं अंग बदलायला घेतलं. पहिल्या दिवशी खांदे उतरवले. दुसऱ्या दिवशी दोन बंदुका काढल्या, मग उरलेल्या दोन. उंची कमी झाली, पोट आलं, केसांत पांढऱ्या बटा आल्या. रोज सकाळी ऑफिसात आलं की पडद्यावरचा माणूस कालच्यापेक्षा थोडा कमी पैलवान असायचा. महिन्याभरानं तिथे पन्नाशीची एक बाई उभी होती. अंगावर ऑपरेटरचा करडा स्वेटर, हातात टेलिफोनची दोरी. ती दोरी भिंतीतल्या कुठल्याही भोकात खोचली की दूरचे आवाज ऐकू यायचे आणि धोका कुठे आहे ते कळायचं. इस्पितळ गेलं, तिथे बुडालेलं एक्स्चेंज आलं.

"ठकीबाई, पन्नाशीच्या बाईला घेऊन कोण खेळणार?" मालक म्हणाले.

"खेळून बघू द्या कुणाला तरी."

भाजी विचारणाऱ्या त्याच गृहस्थांना पुन्हा बोलावलं. वीस मिनिटांनी त्यांनी हातातला कंट्रोलर खाली ठेवला आणि घोटभर पाणी मागितलं. त्यांची बोबडी वळली होती.

त्या दिवसांत ठकीला स्वप्न पडायचं. लांबच लांब बोळ, घोट्यापर्यंत पाणी, आणि पाण्याखाली बोर्डावरचे छोटे दिवे माशांसारखे पेटत-विझत असायचे. पुढे करड्या स्वेटरमधली बाई, मागे ठकी. बाई थांबून वळून बघायची ती थेट ठकीच्या चेहऱ्याकडे. त्या नजरेत घाबरणं नव्हतंच. घरातून निघताना आपण दिवा बंद केला ना हे बघावं, तसं ती बघायची. ठकी जागी व्हायची तेव्हा तिला उगाचच वाटायचं, आपण आहोत हे तिला कळलं, बरं झालं. ऑफिसात मात्र ती त्या नजरेला भीतीच म्हणायची, कारण खेळ भीतीचा होता.

खेळ चालला. लोकांनी नायिकेला ऑपरेटरबाई हे नाव ठेवलं. तिच्यासारखं मागे वळून बघण्याची नक्कल लोक पार्ट्यांमध्ये करू लागले. मावशीनं मात्र खेळ कधी शेवटपर्यंत पाहिला नाही. "पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे," म्हणायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची.

दोन वर्षांनी दुसरा भाग करायचं ठरलं. यश मिळालं की माणसाला शहाणपण सुचतं, आणि ते बहुधा उलटं सुचतं. मालक म्हणाले, "आता तिला जरा तरतरीत करू." ऑपरेटरबाईचं वय वीस वर्षांनी उतरलं. ती पळू लागली, भाला फेकू लागली. पळताना मान वळवली की खेळणारा भिंतीवर आपटायचा, म्हणून मागे बघणंही काढून टाकलं. ठकीनं दोनदा तोंड उघडलं, तिसऱ्यांदा नुसती मान डोलावली. भिंतीवर मोठं चित्र लागलं. ते बघून मावशीनं विचारलं, "ही कोण?"

"तूच की."

"मी एवढी बारीक कधी होते गं?" मावशी हसली. पण चित्रापाशी जरा जास्तच वेळ उभी राहिली.

दुसरा भाग बाजारात येऊन महिना झाला असेल. एका सकाळी ऑफिसचा फोन वाजला. जवळ कुणी नव्हतं म्हणून ठकीनं उचलला. पलीकडे म्हातारा, पण खणखणीत आवाज.

"तुमच्या खेळाबद्दल तक्रार आहे. माझी सून खेळते, मी बाजूला बसून बघते. पहिल्या खेळात ती बाई मागे वळून बघायची. अकरा वेळा. मी मोजलंय. दुसऱ्यात एकदाही बघत नाही. का काढलंत?"

ठकीनं ठरलेलं उत्तर दिलं. "लोकांना वेगात पळायचं असतं, आजी. मागे बघण्यात वेळ जातो."

मग तो आवाज म्हणाला, "ती माझ्यासाठी बघत होती."

ठकीला वाटलं, खिडकीवरचा निळा कागद हलला आणि खोलीत खरंच पाणी शिरलं. "तुम्ही कोण?"

"एक्स्चेंजमध्ये मला धांदल म्हणायचे. तुम्हाला ती चाल जिनं दाखवली ना, तिला विचारा."

संध्याकाळी ठकीनं विचारलं. मावशी निवडत असलेल्या पालेभाजीवरचे तिचे हात थांबले.

"धांदल," ती म्हणाली. "शेजारच्या खुर्चीवर बसायची. एका वेळी तीन कामं करायची आणि तिन्ही सांडायची." आणि मग इतक्या वर्षांत न सांगितलेलं सांगितलं. त्या दिवशी तळघरात त्या दोघीच उरल्या होत्या. मावशी पुढे, धांदल मागे. मावशीच्या स्वेटरचं टोक धांदलच्या मुठीत. अंधारात दिसत काहीच नव्हतं, तरी मावशी मागे वळून बघायची, कारण स्वेटर ओढला गेला की पाठीला कळत होतं, पण डोळ्यांना राहवत नव्हतं. एका वळणानंतर स्वेटर सैल झाला. तिनं हाका मारल्या. पाणी कमरेपर्यंत चढलं होतं.

"आणि मी परत नाही गेले, ठके. पुढे गेले."

"पण त्या वाचल्या, मावशी!"

"माहीत आहे. दुसऱ्या दिवशी वाचलेल्यांच्या यादीत नाव होतं तिचं. नाव वाचून मी रडले, आणि बदली मागून घेतली. कुठल्या तोंडानं जाऊ तिच्यासमोर?"

ठकीनं वाद घातला नाही. तिनं फक्त सकाळी ज्या नंबरवरून फोन आला होता तो लिहिलेला कागद आणि फोन मावशीसमोर ठेवला. मावशीनं भाजी निवडून संपवली, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग जन्मभर लोकांचे फोन जोडून देणाऱ्या त्या बाईनं स्वतःसाठी एक नंबर फिरवला.

रविवारी धांदल आली. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, आल्या आल्या दारातल्या पायपुसण्याला अडखळली. दोघी समोरासमोर बसल्या आणि बराच वेळ पाणी हवं का, पंखा लावू का, असलंच बोलत राहिल्या. शेवटी मावशी म्हणाली, "मी तुला सोडून गेले."

"तू कुठे सोडलंस? मीच सोडलं स्वेटर," धांदल म्हणाली. "बोर्डावर एक दिवा पेटला होता. सगळं बुडतंय आणि एक दिवा पेटलेला. कुणीतरी फोन करत होतं गं. तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस. म्हणून गुपचूप सोडलं आणि मागे फिरले. मग मागच्या जिन्यानं वर निघाले. मला वाटायचं, तू माझ्यावर चिडली असशील. बदली मागितलीस तेव्हा तर खात्रीच पटली."

"मी चिडले?"

"मग? मला वाटलं, हिनं एकदाही मागे वळून बघितलं नाही. आणि परवा बघते तर काय, सुनेच्या टीव्हीवर तू! अकरा वेळा."

मावशीनं डोळ्यांना रुमाल लावला. धांदलनं तिच्या पाठीवर हात ठेवायला पुढे होताना पाण्याचा पेला सांडला, आणि तेव्हा कुठे दोघी हसल्या.

तिसरा भाग ठकीनं मालकांना विचारून नाही, सांगून केला. नायिका पुन्हा पन्नाशीची, तिच्या मागे मैत्रीण. खेळणाऱ्यानं वेळोवेळी मागे बघायचं. बघितलं नाही तर मैत्रीण अंधारात विरघळत जाते. मालक कुरकुरले, पण दुसऱ्या भागावर लोकांनी ठेवलेली नावं त्यांनीही वाचली होती.

चाल टिपायला दोघी म्हाताऱ्या काळ्या पोशाखांत, अंगभर पांढऱ्या गोळ्या लावून उभ्या राहिल्या. फरशीवर चिकटपट्टीनं बोळ आखला होता. पहिला तास बोळ डावीकडे वळत होता की उजवीकडे यावरच गेला. मावशी म्हणे डावीकडे, धांदल म्हणे उजवीकडे. गणितीनं कंटाळून दोन्हीकडे वळणारा बोळ बनवला.

मग मुठीतून स्वेटर सुटतो तो प्रसंग आला. ठकीनं हात वर केला, दोघी चालू लागल्या. वळणावर धांदलनं मूठ सोडली. आणि मावशीनं मागे हात घालून तिचं मनगट पकडलं.

"अगं सोड ना, इथे सोडायचंय," धांदल कुजबुजली.

"हो, हो. चुकलं."

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. पाचव्यांदा, सातव्यांदा, नवव्यांदा. डोक्यानं मावशीला सगळं समजत होतं, पण हात ऐकत नव्हता. खोली निळ्या उजेडात तरंगत होती. कुणीही चिडलं नाही.

ठकी खुर्चीवरून उठली. "राहू दे," म्हणाली. "नको सोडूस. दोघी मिळून मागे जा."

"कुठे?"

"बोर्डापाशी. दिवा पेटलाय ना?"

दोघी वळल्या. एकमेकींचं मनगट धरून, पाय ओढत, नसलेल्या पाण्यातून त्या खोलीच्या टोकाला गेल्या. धांदलनं हवेतली दोरी हवेतल्या भोकात खोचली.

कॅमेरे बंद झाल्यावर गणितीला राहवलं नाही. "आजी, खरं सांगा, त्या दिवशी फोनवर होतं तरी कोण?"

"कुणी माणूस होता. नाव नाही सांगितलं," धांदल म्हणाली. "किती वाजले ते विचारत होता."

"मग?"

"मग काय? मी सांगितलं, सव्वातीन. त्यानं आभार मानले आणि फोन ठेवला."