रतनच्या नावाचा धवला

बावन्न साली मीठ पिकलं भरघोस आणि घ्यायला मात्र कुणी फिरकलं नाही. मंदी मंदी म्हणतात ती आमच्या कोपरच्या खाडीवर अशी आली. मिठागरं बंद पडली, आणि मीठ खाऊन काही पोट भरत नाही. सहा गावांनी मिळून ठरवलं, तालुक्याच्या कचेरीपुढं जाऊन बसायचं आणि सरकारनं रस्त्याचं काम काढल्याशिवाय उठायचं नाही.

दोन दिवस घोषणा देऊन घसे बसले. साहेब काही बाहेर आला नाही. तिसऱ्या दुपारी बायका घरच्या पोरांच्या काळजीनं उठायला लागल्या, तेव्हा म्हातारा राघो नामीबायला म्हणाला, "नामे, काय तरी गा. मानसा चालली."

नामीबाय आमची धवलारीण. आमच्यात लग्न तीच लावायची. तिनं धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, म्हटल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. पण तिला धवल्यांपलीकडे काही येत नव्हतं, आणि धवला मांडवाबाहेर गाऊ नये म्हणतात. ती नको नको म्हणत होती. आम्हीच तिच्या मागं लागलो. मीही होतो त्यात.

तिनं हळदीचा धवला धरला. घरात हळकुंड नाही, सुपात तांदूळ नाही, नवरीला उठवू कशी, असे शब्द जागच्या जागी घातले. उठलेल्या बायका खाली बसल्या, साथ देऊ लागल्या. साहेब पायरीवर येऊन उभा राहिला.

आता धवल्यात नवरीचं नाव घ्यावंच लागतं, त्याशिवाय पुढचं कडवं येत नाही. नामीबायची एकुलती लेक रतन. मानपाड्याच्या भिवाच्या मुलाशी तिचं लग्न येत्या वैशाखात व्हायचं होतं. महिनाभर घरात घोळवलेलं तेच नाव आईच्या तोंडून गेलं आणि पाचशे माणसांनी ते उचललं. गर्दीत बसलेली रतन मान खाली घालून लाजली.

आठ दिवसांत काम निघालं. चुली पेटल्या.

मग भिवा आला. ओटीवर टेकलासुद्धा नाही. "विहीनबाय, पोर गुनाची हाय," तो म्हणाला, "पन जिची हलद मांडवाबिगर कचेरीच्या दारान गायली, ती सून मी घरान कशी आनू?"

तिच्या गाण्यावर जेवणाऱ्या गावातल्या एकानंही त्याला अडवलं नाही. घास तोंडात असला की माणूस बोलत नाही. मीही गप्प बसलो, आणि ते मला अजून खातं.

वैशाखात भिवाच्या मुलाचं लग्न झालं ते आमच्याच काळुरामच्या शीलाशी. पंचक्रोशीत दुसरी धवलारीण नव्हती. लेक चालली नाही, पण आईचा धवला चालत होता. नामीबायनं काळुरामला स्पष्ट सांगितलं, जीव गेला तरी येणार नाही. रतन मुरमाच्या पाट्या वाहून घरी आली, हातपाय धुतले आणि आईचं लुगडं तिच्यापुढं ठेवलं.

"जा आये," ती म्हणाली. "माजी हलद तू गायलीस, आख्ख्या गावानी आयकली. शीलाची कोन गाईल?"

नामीबाय गेली. शीलाला पाटावर बसवलं, धवला सुरू झाला, आणि नवरीच्या नावाशी येऊन तिचा आवाज अडला. तेव्हा मागं बायकांत बसलेल्या रतननं शीलाचं नाव घेतलं आणि पुढचं कडवं स्वतःच म्हणायला लागली.