सिमेंट वाळेपर्यंत

वीस वर्षांपूर्वी संशोधक डॉक्टर इतुर्बेंनी भरसभेत एल्विराला सुनावलं होतं, "बाई, तू हाडांवरची माती काढ. हाड कुठलं, ते आम्ही सांगू." सगळे खो-खो हसले. एल्विरा पाइनेमाल म्हणजे पातागोनियातल्या त्या छोट्या संग्रहालयात सुईने खडक कोरणारी बाई. शिक्षण बेताचं, हात सोन्याचे. तिचं म्हणणं एवढंच, की खोदकामात सापडलेलं ते कोयत्याएवढं नख डायनासोरच्या पायाचं नाही, हाताचं आहे. डॉक्टरांनी ते पायालाच लावलं, पायाच्या नखाने भक्ष्य फाडणाऱ्या शिकाऱ्यांच्या कुळात त्या जनावराला बसवलं आणि नाव कमावलं. संध्याकाळी माते चहाचा भोपळ्याचा पेला सगळ्यांत फिरला. डॉक्टरांनी तो तिला वगळून पुढे दिला.

विसरतेय कसली! यंदा एप्रिलमध्ये तिने त्याच खोदकामातला, कोपऱ्यात पडलेला, हाडांसकट प्लास्टरमध्ये बांधलेला गठ्ठा फोडला. आत मनगट, बोटं आणि अंगठ्याला जोडलेलं तसंच नख. एकही हाड जागचं हललेलं नव्हतं. एल्विरा रडली. मग रीतीप्रमाणे प्लास्टरवर फोडल्याची तारीख लिहिली आणि गठ्ठा झाकून ठेवला.

गावाच्या वेशीवर मे महिन्यात त्या जनावराचा सिमेंटचा पुतळा ओतायचा होता; खाली डॉक्टरांचं नाव. ती एक शब्द बोलली असती तर नख पायावरून हातावर गेलं असतं. ती बोलली नाही. पुढे रोज कामावर जाताना थांबायची, पुतळ्यावर टिचकी मारून सिमेंट वाळलं का ते बघायची.

जूनमध्ये अनावरण झालं. भाषणं झाली, एम्पानादा खाऊन झाल्या, आणि एल्विराने गठ्ठा आणून डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवला.

"अहो, हा तर हात!" एक तरुण संशोधक ओरडला. "डॉक्टर, मग तुमचं कूळच गेलं की!"

"मग कुठल्या कुळातलं हे जनावर?" दुसऱ्याने विचारलं.

"भांडा आता नव्याने," एल्विरा म्हणाली.

डॉक्टरांचं बोट प्लास्टरवरच्या तारखेवर थांबलं. चेहरा उतरला. "एप्रिल? अगं, सिमेंट मे महिन्यात ओतलं. मला सांगायचंस तरी!"

"मी माती काढते, डॉक्टर. हाड कुठलं, ते तुम्ही सांगता."

कुणी हसलं नाही. एल्विराला मात्र वीस वर्षांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं. तिने चहाच्या भोपळ्यात गरम पाणी ओतलं. डॉक्टरांनी सवयीने हात पुढे केला. तिने भोपळा त्यांच्या हातावरून पलीकडच्याला दिला.