लाल प्रायमर

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी ताईने संडासाचं दार उघडलं, तेव्हा भांड्यातल्या लघवीत रक्त होतं.

संडास एकच. पत्र्याची कपाटं बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात सहा कामगार आणि ऑफिस सांभाळणारी ती एकटी बाई. सगळे तिला ताईच म्हणत. फ्लशची टाकी दोन वर्षांपूर्वी मोडली होती. बादलीभर पाणी ओतायचं, एवढंच काम. पण तेवढ्यानेही गड्यांचे हात झिजत. जमिनीवर सिगारेटची थोटकं, भिंतीवर थुंकीचे ओघळ, कोपऱ्यात तेलकट चिंध्या. ती नाकाला ओढणी लावून आत जायची, श्वास कोंडून बाहेर यायची आणि दिवसभर पाणी बेताने प्यायची.

लाल रंग तिला नवा नव्हता. थोरल्या बहिणीचा नवरा, तिचे भाऊजी, इथेच रंगारी होते. कपाटाला आधी लाल प्रायमर मारायचा, मग वरचा रंग. ब्रश धुतल्यावरची घाण ते खुशाल संडासात ओतत. त्यामुळे लाल दिसलं की ती मनात दोन शिव्या हासडायची आणि बादली रिकामी करायची. महिनाभर हेच चाललं होतं. आज बादली उचलली आणि हात थांबला. प्रायमरची ऑर्डर तीच देत होती. तीन महिन्यांत लाल डबा आलाच नव्हता. करडा येत होता.

चहाच्या सुट्टीत ती सगळ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"संडासात रक्त आहे. कुणाचं?"

"प्रायमर असेल गं," भाऊजी कपातून नजर न काढता म्हणाले.

"प्रायमर तीन महिने करडा येतोय, भाऊजी."

"मग पहिलवानाला पाळी आली असेल," वेल्डर म्हणाला आणि सगळे खिदळले. सगळ्यात मोठ्याने खुद्द पहिलवान. हा फिटर, दंड मांडीएवढे, म्हणून ते नाव.

"ताई, आम्ही आत काय करतो त्यावर पहारा ठेवलायस का?" पहिलवानाने विचारलं.

"कुणीतरी आजारी आहे. हसू कसलं येतंय?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," वेल्डर म्हणाला. "ज्याचं दुखेल तो बघेल. तू चहा घे."

तिने चहा घेतला नाही. यातला एक जण ते रोज डोळ्यांनी बघत होता आणि वर सगळ्यांबरोबर दात काढत होता. तिला संडासापेक्षा त्या हसण्याची जास्त किळस आली.

संध्याकाळी तिने बहिणीला फोन केला. भाऊजी अठरा वर्षं तोंडाला फडकंही न बांधता रंग फवारत होते, म्हणून तिला आधी त्यांचीच काळजी लागली होती.

"भाऊजींना काही होतंय का गं? लघवीचं वगैरे?"

"मला काय सांगतात ते? ताप आला तरी मला शेजारणीकडून कळतं."

दुसऱ्या दिवशी तिने मालकांच्या कानावर घातलं. "शी! नाश्ता करतोय मी," म्हणत त्यांनी बशी बाजूला सारली. मग त्यांना काहीतरी आठवलं. कारखानदारांच्या संघटनेचं पत्र आलं होतं: पुरुष आरोग्य सप्ताह पाळा, फोटो पाठवा, प्रशस्तिपत्र मिळवा. एका दगडात दोन पक्षी. "यादी कर, सहाही जणांची तपासणी करून टाकू," ते म्हणाले.

गुरुवारी फलक लागला. 'तंदुरुस्त कामगार, मजबूत कपाट'. प्रयोगशाळेच्या माणसाने नावं लिहिलेल्या सहा बाटल्या दिल्या. अर्ध्या तासात पहिलवान सगळ्या एका ट्रेमध्ये मांडून घेऊन आला आणि ताईच्या टेबलावर, तिच्या डब्याला खेटून ठेवत म्हणाला, "घे, ताजा माल." मालक मधोमध उभे राहिले. फोटो निघाला.

शनिवारी अहवाल आले. रक्त एकातही नाही. साखर सहाही जणांच्या लघवीत, आणि तीही सारखीच. ताईने सहा कागद शेजारी शेजारी ठेवले. आकडा न् आकडा जुळत होता.

तिने पहिलवानाला बोलावलं.

"बाटल्या कुणी भरल्या?"

"मीच. बाकीच्यांना रांग लावायची लाज वाटत होती. मला कसली लाज? तीन तांबे पाणी पिऊन गेलो, झालं काम!"

"मग ही साखर तुझी."

तो हसला. मग एकेक कागद उचलून बघितला.

"मला? मला कुठे काय होतंय?"

"सहा वेळा लिहिलंय. परवा डॉक्टरकडे जा."

तो गेल्यावर तिने डबा उघडला, बाटल्या आठवल्या. तिने डबा तसाच बंद केला.

सोमवारी नव्या बाटल्या मागवून ती स्वतः संडासाच्या दाराबाहेर उभी राहिली. एक माणूस, एक बाटली. कुणी कुरकुरलं, कुणी "आता आतही येतेस का?" म्हणून टोमणा मारला. भाऊजींना सगळ्यात जास्त वेळ लागला. बाटली देताना ते हळूच म्हणाले, "घरी बोलू नकोस हं."

"काय बोलू नको?"

"हेच. हे सगळं."

मंगळवारी अहवाल आले. पहिलवानाची साखर होतीच. रक्त कुणाच्याच लघवीत नव्हतं. भाऊजींचा कागद तिने दोनदा वाचला. हायसं वाटलं आणि मग त्याचीच लाज वाटली; तिला फक्त आपलं माणूस वाचायला हवं होतं की काय? तिने प्रयोगशाळेत फोन केला.

"रक्त रोज दिसतंच असं नाही," तो माणूस म्हणाला. "एक दिवस स्वच्छ आलं म्हणजे सुटलो असं समजू नका. ज्याला दिसतंय त्याने बोललं पाहिजे."

बुधवारी सकाळी भांडं पुन्हा लाल होतं.

ती बाहेर येऊन भिंतीला टेकली आणि माणसं मोजू लागली. वेल्डर, पहिलवान, भाऊजी, पलीकडे पत्रा कापणारे तिघं. सहा. थोड्या वेळाने मालक संडासाच्या बोळातून रुमालाला हात पुसत आले आणि तिच्यासमोरून केबिनमध्ये गेले. रोज याच संडासात जात. यादी करताना सातवं नाव ना त्यांना सुचलं, ना तिला.

सोमवारच्यातली उरलेली एक बाटली घेऊन ती केबिनमध्ये गेली. प्रशस्तिपत्र आलं होतं, चौकटीतही बसलं होतं.

"मालक, तुमची राहिली."

"माझी? मी काय कामगार आहे?"

"संडास एकच आहे."

ते या वेळी "शी" म्हणाले नाहीत.

"ठेव तिथे. बघू," म्हणाले आणि फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता.

गुरुवारी सातही पुरुष कामावर होते. भाऊजींनी दिवसभर तिच्या टेबलाकडे फिरकणं टाळलं. संध्याकाळी सहापर्यंत मालकांच्या टेबलावरची बाटली रिकामीच होती. संडासाचं भांडं मात्र सकाळपासून स्वच्छ होतं. कुणीतरी बादली ओतत होतं, दोन वर्षांत पहिल्यांदाच.