विहीणबाईंसाठी हलवलेली पेटी

वहिनी एकट्याच त्यांना ‘वन्सं’ म्हणायच्या. पण वहिनींचा आवाज चार घरं पलीकडे जाणारा. त्यामुळे दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळी गल्लीच त्यांना वन्सं म्हणू लागली होती. वन्सं औषधांच्या दुकानात कामाला होत्या. दुकानातून उरलेला जीव त्यांनी परसातल्या मधमाश्यांच्या एकुलत्या एका पेटीत ठेवला होता.

“वन्सं, रविवारी आमच्या विहीणबाई यायच्यात. पहिल्यांदाच,” वहिनी परसात उभ्या राहून म्हणाल्या. “त्याआधी हा उकिरडा उपटून टाकते.”

उकिरडा म्हणजे वहिनींचाच भाजीचा वाफा. लेकीकडे राहायला गेल्या आणि तिथे रमल्या. इकडे कोथिंबीर कमरेएवढी वाढून पांढऱ्या फुलांनी भरली, कांद्यांना चेंडूएवढे गोंडे आले, पुदिनाही तुऱ्यांवर आला. भाजी म्हणून आता त्यातलं काही खाण्याजोगं नव्हतं. पण सकाळी उन्हं वर आली की अख्खा वाफा गुणगुणायचा.

“उपटू नका हो वहिनी. कालव्याकडची सूर्यफुलं उमलेपर्यंत तरी राहू द्या.”

“का?”

“फळझाडांचा बहर संपला. सूर्यफुलं अजून कळीत आहेत. मधल्या काळात माश्यांना आसपास दुसरं काही नाही.” वन्संनी पेटीची मागची कड दोन बोटांनी वर उचलून दाखवली. बहरात तिला दोन्ही हात लावावे लागत. आता ती रिकाम्या पिशवीसारखी उचलली गेली. “बघा. आत काही उरलेलं नाही.”

“साखरेचा पाक द्या की!”

“देतेच आहे. पण पाकानं मोठ्यांची पोटं भरतात. पिल्लांना फुलांतला पराग लागतो. तो मिळाला नाही की राणी अंडी घालायची थांबते. मग सूर्यफुलं फुलतील तेव्हा घरात कामाला माणूसच नसेल.”

“माशी म्हण,” पेपराआडून दादा म्हणाले.

वहिनींनी नवऱ्याकडे एकदा आणि नणंदेकडे एकदा पाहिलं. “बरं, नाही उपटत. पण विहीणबाईंच्या अंगावर एक जरी माशी बसली ना, तर सोमवारी वाफा साफ. मग तुम्ही आणि तुमची राणी बघून घ्या!”

वन्संनी मान डोलावली. चहापाणी पुढच्या खोलीत करायचं, मागचं दार लावून घ्यायचं, म्हणजे प्रश्न मिटला, असा त्यांनी हिशेब मांडला आणि रविवारी निर्धास्तपणे अर्ध्या दिवसाच्या ड्युटीवर गेल्या.

दादांना मात्र त्या दिवशी मदत करायची लहर आली. पुढची खोली तापली होती. परसात सावली एकाच जागी, आणि तिथे नेमकी पेटी. दादांनी शेजारच्या शिंप्याला हाक मारली, पेटीच्या दारात स्वतःचा रुमाल कोंबला, दोघांनी मिळून ती अलगद न्हाणीघराच्या मागे नेऊन ठेवली आणि रुमाल काढला. पेटी दिसेनाशी झाली, सावली मोकळी झाली. तिथे टेबल मांडून, पांढरी चादर अंथरून, सरबताचा जग ठेवून दादा शाबासकीची वाट पाहत बसले.

मधमाशी पेटी लक्षात ठेवत नाही, जागा लक्षात ठेवते. ही गोष्ट वन्संनी भावाला कितीदा तरी सांगितली होती. पण दर वेळी मध्ये पेपर होता. चरायला गेलेल्या माश्या घरी परतल्या, तर घराच्या जागी सरबत!

वन्सं फाटकातून आत आल्या तेव्हा टेबलावरची चादर जागोजागी तपकिरी झाली होती. शेकडो माश्या तिच्यावर दार शोधत फिरत होत्या, तितक्याच वर घिरट्या घालत होत्या. दादा पेपर फिरवत होते आणि त्यांचा एक कान लाल होऊन सुजला होता. वहिनी दाराची चौकट धरून उभ्या होत्या. विहीणबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून.

“दादा, पेपर खाली ठेव! चिडवू नकोस त्यांना. पेटी कुठाय?”

“न्हाणीघरामागे. अगं, मी तर तुझंच काम हलकं—”

“नंतर. आधी चल, धर दुसऱ्या बाजूनं.”

पेटी परत आली. वन्संनी सरबत विहीणबाईंच्या हातात दिलं, चादरीची चारही टोकं हलकेच उचलली, दादांनी टेबल ओढून काढलं आणि पेटी पुन्हा आपल्या जागी बसली. मग वन्संनी तिच्या दारासमोर चादर अंथरली. दोन-चार माश्या आत शिरल्या. काही दारातच थांबल्या, बूड वर करून पंख फडफडवू लागल्या. आणि बघता बघता अख्खी चादर पेटीच्या दिशेनं चालू लागली.

विहीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. “या दारात उभ्या राहून काय करताहेत?”

“वास पसरवताहेत. मागच्यांना कळावं, घर इथे आहे म्हणून.”

“अगंबाई! हाका मारताहेत म्हणायच्या.”

तेवढ्यात एक माशी विहीणबाईंच्या खांद्यावर येऊन बसली. वन्संनी पाहिली. वहिनींनीही पाहिली, आणि वन्संकडे असं बघितलं की सोमवार आत्ताच उजाडला.

विहीणबाईंनी चष्मा सारखा केला. “पायाला हे काय चिकटवून आलीये ही?”

“पराग,” वन्सं कशाबशा म्हणाल्या. “कोथिंबिरीचा.”

“कोथिंबिरीचा? आम्ही तर ती फुलावर आली की उपटून टाकतो.” विहीणबाई वहिनींकडे वळल्या. “तुम्ही नाही उपटलीत?”

दादांनी तोंड उघडलं. वहिनींनी ते नुसत्या नजरेनं मिटवलं.

“छे हो! उपटायची कशी?” वहिनी चौकट सोडून पुढे आल्या. “मी मुद्दाम फुलू दिलीय. उन्हाळ्यात या बिचाऱ्यांना कोण आहे? कोथिंबिरीचं फूल मिळालं की त्यांचा राजा खूश होतो, आणि राजा खूश तर मध दुप्पट. हो की नाही, वन्सं?”

दादांना ठसका लागला. दुकानात आजवर एका गोळीचीही चूक न केलेल्या वन्संनी एकदा पेटीकडे पाहिलं.

“हो,” त्या म्हणाल्या.

“मग बी धरल्यावर मला पाठवा,” विहीणबाई म्हणाल्या. “मीही एक वाफा सोडते फुलायला.”

“पाठवते तर! अगदी निवडून पाठवते.”

विहीणबाईंना रिक्षात बसवून वहिनी परत आल्या, त्या थेट बादली घेऊन परसात. “बघत काय राहिलात? कांद्याकडची बाजू तुम्ही भिजवा. बी चांगलं धरायला पाहिजे, मी शब्द दिलाय.”

वन्सं तांब्यानं पाणी घालू लागल्या. दोन तांबे ओतून झाले. मग राहवलं नाही.

“वहिनी, त्यांच्यात राजा नसतो हो.”

“आता असतो,” वहिनी म्हणाल्या. “विहीणबाईंना सांगून झालंय.”