काचेच्या घरातली चिनी मातीची कुत्री

एबे सोनिक्सन कोपनहेगनला वास्तुकला शिकून आमच्या फानो बेटावर परतला आणि त्यानं स्वतःसाठी घर बांधलं. रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची, पडदा नाही. आत एक टेबल, चार खुर्च्या, एक दिवा आणि बायको गुद्रुन. "घरात नसलेली वस्तू पुसावी लागत नाही," असं तो सांगे. गुद्रुनला ते पटलं होतं, कारण पुसायचं काम तिच्याकडे होतं.

आमच्याकडे प्रत्येक खिडकीत चिनी मातीच्या कुत्र्यांची जोडी असते. घरधनी जहाजावर गेला की कुत्र्यांची तोंडं बाहेर, परतला की आत. एबेच्या घरात कुत्रीच नाहीत म्हटल्यावर गावानं निदान केलं: काचेपायी पोरगा कफल्लक झाला.

मग मदत सुरू झाली. कुंड्या, भरतकामाच्या उशा, पितळी किटली. निम्म्या वस्तू माझ्याच दुकानातल्या, त्यामुळे गैरसमज दूर करायची मी घाई केली नाही. भेट कपाटात कोंबायचीही सोय नव्हती. देणारा येता-जाता काचेतून आपली वस्तू जागेवर आहे ना, ते बघून घेई.

शेवटी कप्तानाची विधवा आबेलोना आजी स्वतःच्या खिडकीतली कुत्री घेऊन आली.

"आजी, ही तुमची आठवण. आम्हाला कशाला?"

"माझा माणूस आता कुठून यायचाय? माझ्या खिडकीत ती उगाच बसून असतात."

एबेनं कुत्री ठेवून घेतली.

त्याच आठवड्यात वास्तुकलेच्या एका मासिकाचा फोटोग्राफर घराचा फोटो काढायला यायचा होता. खाडीपलीकडच्या एस्बियर्ग शहरातला एक डेअरीमालक नवं घर बांधणार होता. काम एबेला द्यायचं का, ते तो फोटो बघून ठरवणार होता, आणि एबेच्या हातात दुसरं काम नव्हतं.

गुद्रुननं सगळ्या भेटी न्हाणीघरात रचल्या, कारण काच नसलेली तेवढी एकच खोली. फोटोग्राफरनं कॅमेरा लावला. बाहेर रस्त्यावर गाव जमलं, आणि प्रत्येक जण आपापली वस्तू शोधू लागला. आजी पुढेच उभी होती. ती चष्मा पुसून पुन्हा बघू लागली.

एबेनं दोनदा मान फिरवली. मग न्हाणीघरात जाऊन कुत्री आणली आणि काचेलगतच्या बुटक्या फळीवर ठेवली.

"ही फोटोत?" फोटोग्राफरनं विचारलं.

"असू देत."

आजी तरातरा आत आली. "अरे, बाहेर तोंड करून ठेवलीस. तू घरात आहेस ना?" असं म्हणत ती वाकली, आणि नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं.

मासिकात तोच फोटो छापला: लांबच लांब मोकळी खोली, दोन कुत्री आणि आजीची पाठ. एबेनं डेअरीमालकाच्या कामाची आशा सोडली. पण डेअरीमालक पुढच्याच बोटीनं आला.

"म्हणजे या घरात चार वस्तू ठेवता येतात तर," तो म्हणाला. "बायको अडून बसली होती. आता तयार आहे."

काम मिळालं. एबे कफल्लक नाही अशी गावाचीही खात्री पटली आणि भेटी थांबल्या. माझ्या कुंड्या पडून आहेत.

कुत्री अजून तिथेच आहेत. एबे कामासाठी एस्बियर्गला निघाला की गुद्रुन ती बाहेर वळवते. परवा तो उशिरा परतला, तेव्हा ती शेजारी कॉफीला गेली होती. त्यानं बूटही काढले नाहीत, आधी कुत्री आत वळवली. काचेतून आम्ही सगळ्यांनी पाहिलं.