सुतकाची चूल

माझी बायको सुए वारली त्याला महिना होत आला होता. घरावर अजून सुतक होतं, आमच्याकडे ते लवकर फिटत नाही. सुतकाच्या चुलीवरचं आमच्या गावात कुणी खात नाही, आणि त्या घरच्या माणसाने देवळाच्या कमानीखालून जायचं नसतं. अशात आमचा पोरगा हागिमारू म्हणाला, "तळ्यावर मी जातो."

डोंगरातल्या तळ्यातला नाग आमच्या भाताला पाणी सोडतो. दरवर्षी त्याला तांदूळ आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, पुरायची. या वर्षी पुजाऱ्याच्या स्वप्नात येऊन त्याने माणूस मागितला. कौल लावला, तर मुखिया गेनबेईच्या नातीचं नाव आलं. तिच्या जागी भाला घेऊन जाईन, असं हागिमारूचं म्हणणं.

"मिशी तरी फुटलीय का रे?" मुखिया म्हणाला.

"नागाला मिशी खायचीय का?"

पुजाऱ्याने तोड काढली. कमानीबाहेर झोपडी बांधू, पोराने तिथे देवळाच्या विस्तवावर शिजलेलंच खायचं, म्हणजे सुतक उतरेल. हागिमारू तिकडे राहायला गेला.

जायच्या दिवशी पहाटे तो घरी आला.

"बाबा, पेज आहे?"

"तुला चालत नाही ती."

"तिथलं घशाखाली उतरत नाही. आईच्या चुलीवरचं द्या."

नियम मोडावा, की पोराला उपाशी मरायला धाडावं? मी पेज वाढली. दोन वाडगे खाऊन तो गेला.

दुपारी तो डोंगर उतरून आला. भाल्याला डाग नव्हता. सगळं गाव कमानीपाशी जमलं होतं.

"मारलास?" मुखियाने विचारलं.

"नाही."

"मग पळालास?"

"तोच पळाला. डोकं वर काढलं, मला हुंगलं आणि तोंड फिरवलं. पलीकडच्या डोंगरावरून निघून गेला."

पुजाऱ्याने विचारलं, "काय खाल्लं होतंस?"

"घरची पेज."

पुजारी मटकन खाली बसला. "देवाला विटाळ झाला. आता पाणी कोण सोडणार?"

"नात वाचली ना?" शेजारची ओताकी म्हातारी म्हणाली. "मग तोंडं कसली पाडता?"

परत आला तर पोराला रीतीप्रमाणे काळी टोपी घालून मोठ्या माणसाचं नाव द्यायचं, म्हणून मुखियाने टोपी आणली होती. ती हातात फिरवत त्याने माझ्याकडे पाहिलं. "घालायची की नाही? तूच सांग."

मी काय सांगणार? सुए असती तर सुतक नसतं, आणि नागाने पोराला गिळलं असतं. ती गेली म्हणून तो आला. बरं झालं म्हणायला जीभ वळेना, वाईट झालं म्हणायलाही वळेना.

हागिमारू टोपीसाठी थांबला नाही. त्याने कुणाची तरी कुदळ उचलली. "तळ्याच्या तोंडाशी मोठे दगड आहेत. ते सरकवले तर पाणी येईल."

"ते नागाचं दार आहे," पुजारी म्हणाला.

"नाग आहे कुठे आता?"

तो चालू लागला. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघातिघांनी फावडी घेतली. मुखियाही टोपी काखेत मारून निघाला.

मी धावत जाऊन हागिमारूला गाठलं. त्या वाटेने आम्ही नेहमी सरपणाला जायचो, मी पुढे आणि तो माझ्या मागे. वाट एकाच माणसापुरती आहे. आज पुढे व्हावं की मागेच राहावं, मला कळेना.

"चला बाबा," तो म्हणाला, पण पुढे की मागे, ते त्याने सांगितलं नाही.